वेंडेल काकांची अर्धी मिशी

मातिल्ड काकूंनी नवऱ्याची अर्धी मिशी तो झोपेत असताना कातरली, अशी बातमी सध्या आमच्या इमारतीत तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत फिरते आहे. तळमजल्यावर कात्री होती. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिचा कोंबडी कापायचा सुरा झाला, आणि चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी तर काकांची किंकाळीसुद्धा ऐकली म्हणे. सगळं खोटं. मी त्यांच्या शेजारची पिरी. आमच्या दोन स्वयंपाकघरांमध्ये भिंत आहे ती नावाला. त्यांच्याकडे कांदा चिरला की पाणी माझ्या डोळ्यांतून येतं. तेव्हा माझ्याकडून ऐका. काकूंनी कात्री लावली असती तर मिशी अर्धी उरलीच नसती. बाई कुठलंही काम अर्धवट सोडत नाहीत.

मिशी गेली ती ठोकळ्यापायी.

ठोकळा तोच, सहा रंगांचा, कडकड फिरवायचा. तो जन्मला आमच्याच बुडापेश्तमध्ये, त्यामुळे आम्हा सगळ्यांना वाटतं की तो आम्हाला उपजतच येतो. गेल्या वर्षी तर गाव नुसतं येडं झालं होतं. ट्राममध्ये ठोकळा, दातांच्या डॉक्टरकडे ठोकळा. आमच्या चर्चमध्ये प्रवचन चालू असताना मागच्या बाकांवरून असा कडकडाट यायचा की पाद्रीबाबांना वाटलं लोक अक्रोड फोडताहेत. पण ह्या सगळ्यांना घाई होती. कोण आधी सोडवतो, एवढंच. वेंडेल काकांना घाई नावाची गोष्टच ठाऊक नाही.

काकांनी जन्मभर पियानो वाहिले. आमच्या शहरातले जिने म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखे, आणि हौशी लोक पियानो ठेवणार नेमके तिसऱ्या मजल्यावर. "पियानो वळवायचा म्हणजे आधी नीट बघायचं," काका सांगतात. "बघायला काही मोल पडत नाही, पिरी. एकदा जास्तीचा वळवलात की कंबर गेली." तरी त्यांची कंबर गेलीच, ती गोष्ट वेगळी. तर अशा माणसाच्या कानावर आलं की ठोकळ्याची आणखी एक तऱ्हा आहे. घड्याळ लावायचं नाही. सगळ्यात कमी चालींत जो सोडवील तो जिंकला. एक बाजू एकदा फिरवली की एक चाल. काका खुर्चीत ताठ बसले. त्यांना वाटलं, ही स्पर्धा देवानं आपल्यासाठीच काढली आहे.

सुरुवातीला त्यांना शंभराहून जास्त चाली लागायच्या. एक रंग जमवायचा, दुसरा जमवताना पहिला मोडायचा, मग शिव्या द्यायच्या. शिव्यांच्या चाली धरत नव्हते. मग त्यांनी पियानोची विद्या लावली आणि बघायला लागले. ठोकळा हातात धरून, न फिरवता, नुसतं बघायचं. मी एकदा आलुबुखाराचे उकडलेले गोळे घेऊन गेले तर स्वारी खिडकीपाशी पुतळा होऊन बसलेली.

"काका, डोळा लागला का?"

"बघतोय."

"काय बघताय?"

"पुढचं."

आतून काकूंचा आवाज आला, "सकाळपासून पुढचं बघतोय गं तो! मागं कोळशाची बादली रिकामी पडलीय, ती दिसत नाही."

"मातिल्ड, नुसत्या बादलीसाठी तळघरात उतरायचं आणि परत चढायचं म्हणजे चाली फुकट. संध्याकाळी दूध आणायला जाईन तेव्हा दोन्ही एकदम करतो."

"आणि तोवर चुलीत काय घालू? तुझा ठोकळा?"

काकांनी ठोकळा शर्टाच्या आत घातला. काकूंचा भरवसा नाही.

पुढे त्यांना कळलं की पुष्कळदा सुरुवातीकडून वाट सापडत नाही, पण सुटलेला ठोकळा डोळ्यांसमोर आणून शेवटाकडून मागं मागं येत गेलं की सापडते. ही गोष्ट अंगात मुरावी म्हणून ते आठवडाभर जिना उलट्या पावलांनी उतरले. टपालवाल्या बाई वर येत होत्या. काका थेट त्यांच्या पिशवीवर बसले, आणि पिशवीत कुणाच्या तरी मावशीनं गावाहून पाठवलेली अंडी होती. टपालवाल्या बाई अजून त्यांची पत्रं आमच्याकडे टाकतात. मला काही तक्रार नाही, मला वाचायला आवडतं.

पण चाली कमी होत गेल्या, हे मान्य करायला हवं. शंभराच्या ऐंशी झाल्या, ऐंशीच्या साठ. आणि तिथंच माणूस फुशारला.

आता मिशीबद्दल सांगते. ती नुसती मिशी नव्हती, इमारतीची खूण होती. दोन्ही टोकं वर वळलेली, सायकलच्या हॅण्डलसारखी. रोज सकाळी डबीतलं मेण बोटावर घेऊन काका आरशापुढे उभे राहायचे, आणि तेवढ्या वेळात मात्र चाली मोजत नसत. काकूंचं मत वेगळं होतं. "रविवारचं सूप निम्मं तीच पिते," त्या म्हणायच्या. शेवया अडकायच्या ना.

दर रविवारी आम्ही सगळे गरम पाण्याच्या कुंडात जातो, थंडीत तर हटकून. वर बर्फ भुरभुरतंय, खाली छातीपर्यंत ऊन ऊन पाणी, आणि वाफेत पुरुषमंडळी तरंगत्या लाकडी पाटांवर बुद्धिबळं मांडून बसलेली. ह्या थंडीत बुद्धिबळं मागं पडली नि पाटांवर ठोकळे आले. तिथं राज्य होतं गाश्पार मास्तरांचं. हे शाळेत गाणं शिकवायचे. गुळगुळीत गाल, गुळगुळीत टक्कल, पाण्याबाहेर नुसतं डोकं दिसायचं तेव्हा बायका चेंडू समजून दचकायच्या. मास्तर आणि काका वीस वर्षं एकाच पाण्यात बसतात, पण एकमेकांना अजून अहो-जाहो करतात. भांडतानासुद्धा.

"पियानो उचलणं वेगळं नि डोकं चालवणं वेगळं, वेंडेलराव," मास्तर म्हणाले.

"तुमचा पियानो मीच वर नेला होता, मास्तर. त्यानंतर तुम्ही तो वाजवलात, आणि मला वाटलं, उगाच नेला."

पाण्यातले सगळे हसले. मास्तरांचं टक्कल लाल झालं.

"ठीक. पुढच्या रविवारी एकच डाव. तुमच्या चाली जास्त झाल्या तर मिशी उतरवायची. इथंच, काठावर."

"आणि तुमच्या झाल्या तर?"

मास्तरांकडे उतरवण्यासारखं काहीच नव्हतं. शेवटी ठरलं की ते हरले तर काकांच्या खिडकीखाली उभे राहून सगळ्या इमारतीसमोर आपण हरल्याच्या कबुलीचं गाणं म्हणतील. मला ती शिक्षा आमचीच वाटली.

त्या आठवड्यात एकदा मी काकूंकडे गेले. मी विचारलं, "काकू, तुमचं मन कुणीकडे?" त्या पोळपाटावर शेवयांचं पीठ लाटत होत्या. म्हणाल्या, "लग्नाला मागणी घालायला आला तेव्हा मला घाबरून मिशीच चावत होता. एक टोक झिजलं होतं." एवढंच. आणि लाटणं जोरात फिरवलं.

तिकडे काकांच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. ठोकळा नवा असला की घट्ट फिरतो, बोटं घसरतात, नको ती बाजू फिरते आणि ती चाल म्हणून धरली जाते. त्यांनी काकूंकडे हंसाची चरबी मागितली. काकू म्हणाल्या, "ती पावाला लावायची आहे." मग काकांनी मिशीचं मेण घेतलं, ठोकळा उकलून त्याच्या आतल्या एकेका तुकड्याला लावलं आणि परत जोडला. त्यांच्या गार घरात तो लोण्यासारखा फिरायला लागला. काका खूश. घर गार आहे आणि कुंड गरम आहे, हा विचार मात्र कुणीच केला नाही. म्हणजे मी केला होता, पण मला कुणी विचारलं नाही.

रविवार उजाडला. पंच होता मालिशवाला बोदी. त्याचा हात एवढा की ठोकळा त्यात लिंबासारखा दिसतो. त्यानं चार ठोकळे एकसारखे विस्कटले. दोघांना एकेक सरावाला आणि एकेक खऱ्या डावासाठी. सरावाच्या ठोकळ्यावर दुपारच्या घंटेपर्यंत काय हवं ते करा. घंटा झाली की खरा ठोकळा हातात घ्यायचा आणि प्रत्येक चाल सगळ्या कुंडानं मोठ्यानं मोजायची. काकांनी खऱ्या डावासाठी आपला मेण लावलेलाच दिला. मास्तरांना पण विचारलं, "तुमच्याला लावू का थोडं?" मास्तर म्हणाले, "मला सुवास नको."

घंटेपर्यंत मास्तर सारखे कडकड करत होते. काका बघत होते. वाफेनं मिशीची टोकं हळूहळू खाली आली, वर बर्फाचे कण बसले, तरी बघत होते. मग एकदम हसले आणि सापडलेली वाट तोंडपाठ करायला डोळे मिटून घेतले. मी काकूंच्या दंडाला धरलं. फुलाफुलांच्या टोपीखाली त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

आधी मास्तर. आम्ही मोजलं, ठोकळा सुटला, छप्पन्न चाली. टाळ्या पडल्या. मग काका. फिरवतात काय, थांबतात काय! एकेक चाल पियानो ठेवल्यासारखी, अलगद. आम्ही चाळिशीला पोचलो तेव्हा ठोकळा बराचसा जमलेला दिसत होता. मास्तरांनी श्वास धरला आणि नाकापर्यंत पाण्यात गेले. "एक्केचाळीस!" आम्ही ओरडलो. आणखी फक्त तीनच, असं काकांनी बोटांनी दाखवलं. आणि त्या क्षणी पातळ झालेल्या मेणानं दावा साधला. ठोकळा त्यांच्या हातात फट्‌दिशी फुटला नि चार तुकडे टपाटप पाण्यात.

मग जे झालं ते बघायला पैसे पडले असते. अर्धं कुंड बुडी मारून तुकडे शोधतंय, टकलं वरखाली होतायत, कुणाच्या हातात कुणाचा अंगठा. "सोडा हो, तो माझा आहे!" तीन तुकडे मिळाले. एक कोपरा मिळेना.

"सापडला नाही तर हार," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात काकूंनी हात वर केला. कोपरा त्यांच्या मुठीत होता.

"मातिल्ड! दे!"

"देते. गालिचे कोण धोपटणार?"

"काय?"

"दर शनिवारी खाली अंगणात. गालिचे. आणि कोळसा वेगळा, दुधाबरोबर नाही."

"मातिल्ड, मिशी जायची वेळ आलीय!"

"म्हणूनच आत्ता विचारतेय."

सगळं कुंड काकांकडे बघत होतं. "धोपटतो," ते म्हणाले. "कोळसाही आणतो." काकूंनी कोपरा दिला. काकांच्या चष्म्यावर वाफ, मास्तर कानाशी "लवकर, लवकर" करतायत. बाकीचे तीन तुकडे काकांनी आठवून बरोबर बसवले. कोपरा मात्र घाईनं दाबला. आयुष्यभर बघणारा माणूस, नेमकं तेव्हा त्यानं बघितलं नाही.

बेचाळीस. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. सगळा ठोकळा जमला आणि एक कोपरा जागच्या जागी वाकडा. रंग फिरलेले. तसा एकटा वाकडा कोपरा कितीही चाली केल्या तरी सरळ होत नाही, हे कुंडातलं लहान पोरही जाणतं. काकांनी अंगठा लावून तो कर्रकन फिरवला. बसला.

"ही चाल नाही, ही मारामारी आहे!" मास्तर ओरडले. "मिशी!"

"पंचेचाळीस!" काका ओरडले. "तुमच्या छप्पन्न! गाणं!"

कुंडाचे दोन तट पडले. कुणी पाणी उडवलं, कुणाच्या बुद्धिबळाचा राजा वाहून गेला. शेवटी बोदीनं काठावर पंजा आपटला. म्हणाला, चाली वेंडेल काकांच्या कमी, त्यामुळे ते हरले नाहीत. ठोकळा चालींनी सुटला नाही, त्यामुळे ते जिंकले नाहीत. मास्तर अर्धं गाणं म्हणतील. आणि मिशी अर्धी जाईल.

"कुठली अर्धी?" काकांचा आवाज बारीक झाला होता.

बोदीनं काकूंकडे बघितलं. "डावी," काकू म्हणाल्या. "जेवताना मी त्या बाजूला बसते."

वस्तरा आला, साबण आला, बर्फ पडतच होतं. काका मान ताठ करून काठावर बसले. काकूंनी पाण्याबाहेर हात काढून त्यांचा हात धरला होता, हे मी बघितलं, म्हणून सांगते. संध्याकाळी मास्तर खिडकीखाली येऊन अर्धं गाणं म्हणून गेले. अर्धंच होतं, देवाची कृपा.

आता शनिवार आला की काका अंगणात गालिचे टांगतात. आधी बराच वेळ गालिच्याकडे बघतात, मग मोजके फटके मारतात. धूळ निम्मी तशीच राहते, पण काकू वरच्या गॅलरीतून काही बोलत नाहीत. उजव्या अर्ध्या मिशीला रोज मेण लागतं, टोक वर वळलेलं. डावीकडे सपाट. रस्त्यानं मुलं वळून वळून बघतात, ट्राममध्ये लोक उठून जागा देतात, काहीतरी आजार असेल म्हणून.

परवा मला राहवलं नाही. गॅलरीच्या कठड्यावर ओणवी होऊन मी हाक मारली, "काका, ती उरलेली पण काढून टाका ना एकदाची! माणसासारखे तरी दिसाल!"

काकांनी धोपटणं खाली ठेवलं, उजव्या टोकाला पीळ दिला आणि म्हणाले, "कशाला, पिरी? ती एक चाल जास्तीची होईल."