चौथा बोळा

गल्लीच्या तोंडाशी ताईंचं ब्यूटी पार्लर होतं, आणि ताईंचं स्वतःचं तोंड दिवसभर चालू असे. पण चार वर्षांपूर्वी गरम वॅक्सचं भांडं उलटलं, गालावर नाण्याएवढा पांढरा डाग राहिला, आणि बाई मनातून खचल्या. जिला स्वतःचा चेहरा सांभाळता आला नाही तिच्या हाती आपला कोण देणार? रोज पार्लर उघडण्याआधी त्या डागावर फाउंडेशनचा थर चढवत.

शेवटी धीर करून त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. डॉक्टरांनी कानामागून तिळाएवढे बारा कातडीचे कण काढले आणि डागात बारीक छिद्रं पाडून त्यांत बसवले.

"हे रुजले की रंग हळूहळू आजूबाजूला पसरेल," ते म्हणाले. "तोवर गालाला काही म्हणजे काही लावायचं नाही."

गाल हलू नये म्हणून आठ दिवस ताई पेज-पाण्यावर आणि न बोलता राहिल्या. नवऱ्याने ते सुखाचे दिवस मानून घेतले. पुढे पट्टी निघाली, खपल्या पडल्या, पण आरशात बघायची छाती होईना. रुजलेच नसतील तर?

तपासणीला निघताना सवयीने हात फाउंडेशनच्या डबीकडे गेला. थर चढवायला बोटांना आरसा लागत नव्हता. दवाखान्याच्या पायरीवर नवरा म्हणाला, "अगं, गाल तर झकास दिसतोय!" आणि आपण काय करून बसलो ते ताईंना उमगलं.

डॉक्टर भडकले. "आता मी काय बघू? तुमचं काम की माझं?"

त्यांनी कापूस ओला केला. पहिल्याच पुसण्यात बोळा तपकिरी झाला. गेला, सगळा रंग गेला! ताई बोळ्याकडेच बघत राहिल्या. दुसरा बोळा, तिसरा. चौथा पांढरा निघाला.

डॉक्टरांनी आरसा पुढे केला. ताईंनी तो बाजूला सारला, नवा बोळा उचलला आणि स्वतःच गालावरून फिरवला. रंग कसा निघतो हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. कापूस कोराच राहिला.

"अहो, घासू नका! तीन गेलेत, नऊ रुजलेत."

मग कुठे त्यांनी आरशात पाहिलं. पांढऱ्यात नऊ तपकिरी ठिपके होते. थर ओघळेल या धास्तीने चार वर्षं त्या चारचौघांत रडल्या नव्हत्या. आता डॉक्टरांसमोर, नवऱ्यासमोर त्या खुशाल रडत बसल्या.