मुरमातला आंबा

'घर पाहावं बांधून' असं ज्यानं पहिल्यांदा म्हटलं, त्याला रस्ता आयता मिळाला असणार. माझं रान चुलत्यांच्या उसाच्या मागं. फौजेतून सुटून आल्यावर तिथं घर बांधायचं ठरवलं, पण पायवाटेनं विटा येत नाहीत. तात्यांकडं, म्हणजे चुलत्यांकडं गेलो. ते म्हणाले, "ओढ्याकडच्या बांधाला लागून उसाच्या चार सऱ्या मोड आन् घाल की मुरूम. मी हाय तवर कोण अडवतंय तुला?"

एक मित्र म्हणाला, कागद करून घे. चुलत्याकडं कागद मागायचा? ज्यानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याच्याकडं? जीभच रेटेना.

रस्ता मात्र फौजेतल्यासारखा केला. काळी माती उकरून काढली, खाली दगड, वर मुरूम, त्यावर पाणी मारून रोलर. तात्या बांधावर बसून बघायचे. "रस्ता करतोस का धरण बांधतोस रं?" म्हणायचे. विटांचा पहिला ट्रक आत आला तेव्हा नारळ त्यांनीच फोडला.

घर स्लॅबपर्यंत आलं आणि तात्या मिरजेला दवाखान्यात पडले. त्यांची दोन्ही मुलं पुण्यात, येऊन-जाऊन असायची. डबा न्यायला, पाय चेपायला मीच. नर्स मलाच मुलगा समजायची. आणि खरं सांगतो, तिथल्या बाकावर बसून मी देवाकडं त्यांचं आयुष्य मागायचो तेव्हा डोळ्यांपुढं निम्म्या वेळा सिमेंटची गाडी असायची. 'मी हाय तवर.' माझी मलाच किळस यायची. माणसावर माया होतीच, पण त्यात रस्ता मिसळला तो मिसळलाच.

तात्या गेले.

तिसऱ्या दिवशी सावडायला गाव जमलं. आमच्याकडं हल्ली बरेच जण रक्षा नदीत सोडत नाहीत. आपल्या रानात खड्डा काढायचा, त्यात रक्षा घालायची आणि वर आंब्याचं रोप लावायचं. चांगली पद्धत आहे, मीही चारचौघांत तिची तारीफ केली आहे. थोरला चुलतभाऊ रोप घेऊन पुढं, आम्ही मागं. तो उसाकडं न वळता माझ्या रस्त्यावर आला आणि बरोबर मधोमध थांबला.

"तात्या हितंच बसायचं," म्हणाला.

तात्या बसायचे बांधावर. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांच्या माना खाली होत्या. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला ओढा. तिथं झाड आलं की ट्रक संपला. धाकट्यानं पहार मारली, ती खणकन उडाली. पुन्हा मारली, पुन्हा उडाली. मग थोरला माझ्याकडं वळला. "दादा, मुरूम तू घातलास न्हवं? तुलाच जमंल."

चुलत्याची रक्षा घेऊन लोक उभे, आणि मी काय रस्त्याचं बोलू? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. खड्डा मीच काढला. नंतर सरपंचांनी श्रद्धांजली वाहताना दोघा भावांचं कौतुक केलं, नदी घाण केली नाही म्हणून.

भाऊ पुण्याला गेले. माझं घर बिनस्लॅबचं उभं आहे. ऊन वाढलं तसं रोपानं मान टाकली. मुरमात मुळं जाणार कुठं? बायको म्हणाली, "मरू द्या की त्याला. आपण कुठं हात लावतोय?"

तिचं बरोबर आहे. ते मेलं तर पुण्याहून दुसरं लावायला कोणी येईलसं वाटत नाही. पण गाव काय म्हणेल तेही मला माहीत आहे: रस्त्यासाठी यानं चुलत्याला उन्हात वाळवला. दवाखान्यातल्या त्या बाकावर मी बसलो नसतो, तर हे खोटं आहे असं छातीठोकपणे सांगितलं असतं.

म्हणून रोज संध्याकाळी विहिरीवरून घागर आणतो आणि माझ्याच रस्त्याच्या मधोमध ओततो. काल बघितलं, तर शेंड्याला तांबडी पालवी फुटली आहे.