गाळलेली ओवी

आर्वीच्या बाजारात, भर लिलावात, सख्ख्या मोठ्या भावाने तराजूचं लोखंडी वजन माझ्या तोंडावर हाणलं. दोन दात मातीत पडले. कारण एवढंच, की त्याने हेरून ठेवलेला कापूस मी चढी बोली लावून उचलला. मी शून्यातून उभा राहिलेला व्यापारी. असा मार पचवणारा नव्हतो. रक्ताळल्या तोंडाने घरी आलो आणि कुऱ्हाड उचलली.

माय पोथी घेऊन दारात आडवी बसली. ती निरक्षर. वडील गेल्यापासून ती पोथी कुणी उघडली नव्हती.

"एक अध्याय वाच, मंग जा."

"अर्धा वाचतो."

"अर्ध्यावर उठता येत नाई. तुहा बाप ताप असला तरी उठत नव्हता."

घासाघिशीत मी कुणाला हार जात नाही, तिला गेलो. कुऱ्हाड मांडीशी ठेवून वाचू लागलो. पानावर रक्त ठिबकत होतं. भावाचं रक्त सांडू नये, अशी ओवी आली. ती गाळून मी पुढे गेलो.

"मधली ओवी काऊन खाल्ली?" वडिलांचं ऐकून ऐकून तिला सगळं पाठ होतं. "वाच परत."

तीनदा गाळली, तिने तीनदा मागे आणलं. चौथ्यांदा वाचली. अध्याय संपल्यावर ती दारातून बाजूला झाली.

"जाय आता."

मी गेलो नाही.

भावाशी मी आजही बोलत नाही. पोथी मात्र रोज वाचतो, वाचल्याशिवाय चहा गोड लागत नाही. डाग पडलेल्या त्या ओवीवर जीभ अजून अडते, पण गाळत नाही.