लेव्हल पाइपचं दुसरं टोक

त्याला सगळी गल्ली ओळंबा म्हणायची, तेही तोंडावर. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. पाहुणा म्हणून गेला तरी आधी भिंतीवरचा फोटो सरळ करणार, मग पाणी पिणार. हल्ली मात्र फोटो सरळ करणं बंद झालं होतं. लोकांना वाटलं, म्हातारा वयानं निवळला. निवळतोय कसला! डोळ्यांपुढे दुधाळ पडदा आला होता आणि ते सांगायला जीभ रेटत नव्हती.

जावई न्हावी. इतकी वर्षं दुसऱ्याच्या दुकानात उभं राहून केस कापले, आता कुठे स्वतःचं सलून निघणार होतं. मागच्या अंगणात तयार केबिन आणून ठेवायची, आत खुर्ची, आरसा, की झालं दुकान. खाली फक्त काँक्रीटचा सपाट ओटा हवा.

"बाहेरचा मिस्त्री आणलात तर माझ्याशी गाठ आहे!" ओळंब्यानं दम भरला. लेक हरखली. जावयानं फावडं आणून दिलं.

माती उकरली, खडी पसरून धुम्मसानं ठोकून बसवली, फळ्यांची चौकट लावली. हे सगळं त्याच्या हातांना पाठ होतं. घोडं अडलं ते उंचीपाशी. त्यासाठी पाणी भरलेला पारदर्शक पाइप लागतो. एका टोकाचं पाणी खुणेच्या रेषेवर आलं की दुसऱ्या टोकाला पाणी जिथे उभं राहील तिथे खूण करायची. पोरखेळ आहे, पण दिसलं तर! ओळंब्याला ना पाणी दिसत होतं ना रेष. 'जरा इकडे येऊन बघता का,' एवढं म्हटलं असतं तर काय नाक कापलं जाणार होतं? पण छे! "हं, आलं रेषेवर, करा खूण," असं प्रत्येक कोपऱ्याला, दुसरं टोक धरलेल्या जावयाला ठोकून दिलं.

"मामा, तो कोपरा जरा बसल्यासारखा वाटतोय," जावई चाचरत म्हणाला.

"तुम्ही लोकांचे कल्ले सारखे करा, जावईबापू. ओट्याचं माझ्यावर सोडा."

केबिन आली त्या दिवशी अर्धी गल्ली अंगणात. हीच उद्याची गिऱ्हाइकं. क्रेननं केबिन ओट्यावर टेकवली, तर एक कोपरा अधांतरी. लेकीनं हौसेनं दार उघडलं, ते हातातून सुटून धाडकन भिंतीवर आपटलं.

"ओटा आहे की घसरगुंडी?" क्रेनवाला खिदळला. "कुणी घातला हो?"

सगळे ओळंब्याकडे बघायला लागले.

"पाइपचं दुसरं टोक यांच्या हातात होतं," तो म्हणाला आणि त्यानं जावयाकडे बोट दाखवलं.

"अहो, नुसता पाइप धरायचा होता ना?" लेक नवऱ्यावर उखडली.

जावयानं सासऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हललाही असेल माझा हात."

न्हाव्याचा हात! क्रेनवाल्याला तर आयतंच मिळालं. "मग यांच्या वस्तऱ्याखाली मान कोण देणार बाबा?" सगळे खो खो हसले. पहिली दाढी माझी, म्हणून कालपर्यंत हट्ट धरणारा शेजारी गळ्यावरून हात फिरवत मागे सरकला.

ओळंब्याचे कान तापले. लाज वाटली त्याला, नुसती नाही, मेल्याहून मेल्यासारखी. माणसं फाटकाकडे वळली. आता गेली की घरोघर हेच सांगणार.

"थांबा!" तो ओरडला. "त्यांचा हात नाही हलला. मला दिसत नाही. माझ्या जावयावर खोटं ढकललं मी."

क्रेनवाला उगाच साखळीशी खटपट करायला लागला. लेक बापाकडे बघतच राहिली.

जावयानं येऊन त्याचा दंड धरला. "कशाला मामा सगळ्यांपुढे? मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"तुमची दाढी करतो ना मी. मागे एकदा आरसा चुकून उलटा धरला. तुम्ही मान डोलावून म्हणालात, वा, झकास."

"आणि तरी ओटा घालू दिलात? स्वतःच्या दुकानाचा?"

"तुम्हाला नको कसं म्हणू?"

म्हातारा त्या तिरक्या ओट्याच्या कडेवरच बसला आणि ढसाढसा रडला. जावई त्याच्याकडे पाठ करून, त्याला लोकांपासून झाकत उभा राहिला.