फोटोच्या कडेला

टायमर लावून काढलेल्या घरच्या फोटोत कडेची आई ताणून रुंद झाली होती. "मी अशी दिसते होय रे?" तिने विचारलं. माझ्या कॅमेऱ्याची ही छोटीशी वाइड लेन्स स्वस्तातली. ती खोटं दाखवत असावी, असं मला वाटलं. मित्र म्हणाला, "अशा लेन्समध्ये कडेचं माणूस ताणलं जातंच. मधलं नीट येतं."

मग आधीचे फोटो बाहेर काढून पाहिले. घरातला पहिला कॉलेजला गेलेला म्हणून मी मध्ये, आई कडेला. प्रत्येक फोटोत. लेन्सवरचा संशय हळूच माझ्यावर आला.

काल तिला मध्ये उभं केलं. "मला कशाला मधे? काय हवंय तुला?" तिने डोळे बारीक केले. फोटो नीट आलाय. फक्त तिचा एक पाय कडेकडे वळलेला आहे.