आबांची सहा बटणं

सुकदेव आबा पत्नीसमोर आले की आधी हनुवटी वर करायचे. शर्ट उघडा, हात मांड्यांना चिकटलेले, नजर छताकडे. वरमाला घालून घ्यायला उभा राहिलेला नवरदेवच जणू, फक्त वय सत्तरीचं आणि मुंडावळ्यांच्या जागी टाक्यांची खूण. मग पत्नी, कौतिकअक्का, पुढे होत, गळ्यापासून खाली एकेक करत सहाही बटणं लावत आणि शेवटी शर्टावरून तळहात फिरवत. हा सोहळा मी पहिल्यांदा पाहिला तो धुळ्याला, देवपुरातल्या आमच्या पुनर्वसन केंद्राच्या दारात.

आबा अमळनेरला तेलाच्या मिलमध्ये फिटर होते. निवृत्तीनंतर एकदा सायकलवरून बाजारात जाताना मोटारसायकलची धडक बसली. डोक्याला मार लागला, उजवा हात आणि जीभ दोन्ही मंदावले. मी केंद्रात ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे अशा माणसांना पुन्हा घास घेणं, आंघोळ करणं, कपडे घालणं शिकवणारा. अक्का मला डॉक्टरभाऊ म्हणत. मी डॉक्टर नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा मलाच ते आवडायला लागलं.

अपघातानंतर आबांकडे शब्द थोडे उरले होते, पण दोन शब्दांवर त्यांचा संसार उत्तम चालायचा: "ढिलं शे." अहिराणीत, म्हणजे ढिलं आहे. चालण्याच्या सरावाच्या आमच्या दांड्या हलवून बघत आणि म्हणत, ढिलं शे. पंखा, खुर्ची, माझ्या बुटाची नाडी, बाहेरच्या चहावाल्याचा चहा, सगळ्यांवर हाच शेरा. एकदा पाळी येईपर्यंत त्यांना व्हीलचेअरवर बसवलं, तर मी येईपर्यंत त्यांनी तिच्या ब्रेकचा नट बोटांनी काढून, पुसून, परत आवळून ठेवला होता. मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वाजवलेल्या टाळ्याही ढिल्याच असाव्यात.

त्या वर्षी आमच्याकडे एक अभ्यास चालू होता. माणूस किती बरा झाला हे मोजायची एक गुणपत्रिका असते: जेवण, आंघोळ, कपडे, जिने, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. ती तयार झाली परदेशात. आपल्याकडच्या माणसाला ती खरं मोजते का, हे आम्हाला तपासायचं होतं. पद्धत सोपी होती. एकाच पेशंटला केंद्रात मी गुण द्यायचे, त्याच्या घरी जाऊन माझ्या सहकारी रेहानानं द्यायचे, एकमेकांचे कागद बघायचे नाहीत, आणि शेवटी दोन्ही जुळवायचे.

पहिल्या फेरीचे कागद आमच्या केंद्रप्रमुख मॅडमनी जुळवले. इतर पेशंटांत एखाद्या गुणाचा फरक होता. आबांच्या कपड्यांपुढे मात्र माझे चार आणि रेहानाचा शून्य. रेहानाचं म्हणणं, मी पेशंटच्या प्रेमात पडून गुण वाटतो. मी म्हणालो, ती अमळनेरला जाऊन शेवभाजी खाते आणि डोळे मिटून शून्य टाकते. आम्ही दोन दिवस बोललो नाही. केंद्रातल्या माझ्या खोलीत तर मी डोळ्यांनी पाहिलं होतं. दार लोटलं की आबा अक्कांनी लावलेली सहाही बटणं काढत आणि खालून वर, सावकाश पण नीट लावत. बाहेर जायच्या आधी सगळी परत काढत. त्याला मी सराव समजलो होतो आणि बटणं काढणंही त्याच चार गुणांत धरलं होतं.

मग मी आमच्या धंद्यातला ठरलेला उपाय केला. अक्कांना बसवून सांगितलं की यापुढे बटणांना हात लावायचा नाही, कितीही वेळ लागू दे, तुमच्या मदतीनंच ते मागे राहिलेत. अक्कांनी मान हलवली. त्या शब्दाच्या पक्क्या होत्या.

आठ दिवसांनी रेहाना अमळनेरहून आली ती आधी माझ्या टेबलाशी. म्हणाली, तुमच्या उपायाचा निकाल बघून या. पौषाची थंडी होती. आबा रोज सकाळी अक्कांसमोर हनुवटी वर करून उभे राहत, अक्का पदर तोंडाला लावून आत जात, आणि मग आबा दुपारपर्यंत उघड्या शर्टानं ओट्यावर बसून राहत. त्यांना खोकला झाला होता. गल्लीतल्या बायका बोलू लागल्या होत्या की म्हातारी कंटाळली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी गेलो. आबा ओट्यावर तसेच बसले होते. मी फिटरसारखाच थेट मुद्द्यावर आलो. विचारलं, "आबा, माझ्यापुढे लावता, मग इथं का नाही लावत?"

त्यांनी बराच वेळ शब्द शोधला. मग म्हणाले, "ते तिनं काम शे." तिचं काम.

मागच्या दारी अक्का भांडी घासत होत्या. मी त्यांना हळूच सांगायला गेलो की आबांना सगळं येतं. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"माले म्हाईत शे. तुमना दारले फट शे, डॉक्टरभाऊ." मग आवाज आणखी खाली गेला. "चाळीस वरीस हाऊ माणूस मिलमा व्हता. मना समोर कधी उभा ऱ्हायना नही. आते रोज सकाय उभा ऱ्हास. त्यासले सांगू नका."

मी ओट्यावर परत आलो आणि माझी सूचना मागे घेतली. अक्का हात पुसत बाहेर आल्या. आबांनी लगेच हनुवटी वर केली. जन्मात इतकं वाईट नाटक मी पाहिलं नाही आणि दोघांपैकी एकालाही हसू आलं नाही. आबांच्या माहितीचं पान आम्हा दोघांना एकच होतं, त्यावर एक रकाना होता, 'मदत कोण करतं'. रेहानानं तिथं लिहिलेलं होतं: पत्नी, कौतिकबाई. मी त्याला हात लावला नाही.

शेवटची फेरी श्रावणात आली. तिच्या महिनाभर आधी अक्का गेल्या. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी संपलं. केंद्रात आबांना आणणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी आणि रेहाना दोघंही त्यांच्या घरी गेलो. रेहाना ओट्याशी थांबली आणि म्हणाली, तुम्हीच भरा.

आबा खाटेवर बसले होते. सहाही बटणं लावलेली, अगदी गळ्याचंसुद्धा, जे अक्का लावत पण दुसरं कोणी लावत नाही. उकडत होतं. शर्टाला एक सुरकुती नव्हती, तळहात फिरवल्यासारखा. मी तेच माहितीचं पान काढलं आणि गुण भरले. जेवण स्वतः. आंघोळ स्वतः. कपडे स्वतः.

"किती भेटनात?" आबांनी विचारलं.

"बठ्ठा," मी म्हणालो. "पूर्ण, आबा. एकही कापला नाही."

त्यांनी कागद मागितला. त्यांना वाचता येत होतं, पण आता एकेका अक्षराला वेळ लागे. बोट 'मदत कोण करतं' पाशी थांबलं. तिथलं जुनं नाव मी खोडायला घेतलं होतं.

"तिनं नाव ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. मग कागद दोन बोटांत धरून, ब्रेकचा नट तपासावा तसा जरा हलवला आणि माझ्या हातात दिला. "तुना कागद ढिला शे, भाऊ."

मी नाव राहू दिलं.

केंद्रात मॅडमनी आकडे भरले तेव्हा कॉम्प्युटरनं आबांची ओळ घेतली नाही. पूर्ण गुण असतील तर मदतनीस असू शकत नाही, दोन्हींपैकी एक चूक आहे, असं तो म्हणत होता. मॅडमनी विचारलं, कुठलं दुरुस्त करायचं? मी रेहानाकडे पाहिलं, रेहानानं खिडकीकडे. दोघंही म्हणालो की दोन्ही बरोबर आहेत.

ओळ काढून टाकली. बाकीच्यांचे आकडे छान जुळले आणि ती गुणपत्रिका आपल्याकडे चालते असा निष्कर्ष निघाला. आबा पुढच्या हिवाळ्यात गेले. मी पोहोचलो तेव्हा त्यांना नवा शर्ट घालत होते. भावकीतला एकजण खालून बटणं लावायला लागला. मी त्याला बाजूला केलं आणि गळ्यापासून सुरुवात केली.