पहिल्या हाराचा हक्क

माझे मिस्टर भीमराव नॉटिंगहॅममध्ये जन्मभर बस चालवून रिटायर झाले आणि लगेच राजे झाले. आमच्या मुलीनं, मनालीनं, कार्डिफहून येऊन त्यांच्या लॅपटॉपवर एक ऐतिहासिक गेम टाकून दिला. जुन्या युरोपचा नकाशा, त्यात आपलं एक राज्य, ते पिढ्यान्पिढ्या सांभाळायचं. झालं! मी भाजी आणायला सांगावं, तर हे म्हणणार, "थांब गं, वेढा पडलाय."

आणि खेळायचे कसे? इटलीतलं एवढंसं राज्य घ्यायचं आणि शेजाऱ्याच्या किल्ल्यावर हक्क सांगून त्याच्यावर तुटून पडायचं. मग आजूबाजूचे सगळे एक होऊन ह्यांचा पार भुगा करायचे. "गद्दार साले!" हे स्क्रीनवर ओरडायचे.

मनाली फोनवर हसायची. "बाबा, त्या किल्ल्यावरचा हक्क सोडा ना! तोवर शेजारी तुमच्यावर ट्रस्ट नाही करणार. मग त्यांच्या दरबारात वकील पाठवा, तहाचं बोला."

"माझा हक्क मी का सोडू?"

"मग हरा!"

मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि कपाळावर हात मारायचे. कारण आमचं जयंती मंडळ याच हट्टापायी फुटलं होतं. बाबासाहेबांच्या फोटोला पहिला हार कोणी घालायचा, यावरून हे आणि प्रमोद भांडले. प्रमोद म्हणजे ह्यांचा जिवलग. दोघं एकाच विमानानं इथं आले, एकाच खोलीत राहिले. भांडणानंतर मात्र एकाच रविवारी दोन हॉल, दोन जयंत्या, अन् दोन्हीकडे रिकाम्या खुर्च्या. बोलणंही बंद. आता प्रमोद मुलाकडे साउथहॅम्प्टनला कायमचा निघाला होता. ही त्याची इथली शेवटची जयंती. ते कळल्यापासून ह्यांचं जेवणात लक्ष नव्हतं, पण फोन काही करेनात. अस्सा राग यायचा मला!

मग एका दुपारी, हरून हरून वैतागले असतील, ह्यांनी गेममधल्या त्या किल्ल्यावरचा हक्क सोडला. वकील धाडला. थोड्या वेळानं शेजाऱ्यानं तह मान्य केला. "अगं, खरंच मानला की तो!" म्हणून मला बोलावून दाखवलं.

मी चहा आणून ठेवला आणि शेजारी फोन ठेवला. "आपल्याकडे वकील कोणी नाही," म्हटलं. "स्वतःच बोला."

लावला बाई एकदाचा. "जय भीम, प्रमोद. यंदा एकच जयंती करू. पहिला हार तू घाल."

"यात डाव काय आहे तुझा?"

"डाव नाही रे. तह आहे."

जयंतीला खुर्च्या कमी पडल्या. प्रमोदनं पहिला हार घातला, हे मागे रांगेत गपगुमान उभे. मी ह्यांच्या तोंडाकडेच बघत होते. आता एक शब्द बोलले असते ना, तर खीर डोक्यावर ओतली असती. पण नाही बोलले. ह्यांचा हार घालून झाला, तसा प्रमोदनं ह्यांचा हात घट्ट धरला.

"भीमा, तिकडे आमच्या एरियात मंडळच नाही. पुढच्या जयंतीला ये, आपण सुरू करू. पहिला हार तुझा." मग नाक ओढत म्हणाला, "तिथं मला भांडायला तरी कोण आहे रे?"

धरलेला हात दोघांनी खीर खायलाही सोडला नाही. शेवटी मीच म्हटलं, "काय, भरवू का आता दोघांना?"